तिचं ‘नक्को’ लिहून घ्या

हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं पोलीस ठाणं. साल सांगत नाही आणि गावही सांगत नाही, कारण सांगितलं तर ती बाई कोण हे आठ दिवसांत सगळ्यांना कळेल. उन्हाळा लागत होता, एवढं सांगायला हरकत नाही. तिचे हात मनगटापर्यंत पिवळे होते. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चात हळद निघते, शिजते, वाळते. या कामावर जाणाऱ्या बायकांच्या हातांचा पिवळेपणा पुढे कितीतरी दिवस साबणाला दाद देत नाही. त्या पिवळ्या मनगटाच्या जरा वर, बुरख्याची बाही सरकली की दिसेल असा, चार बोटांचा काळानिळा वळ होता.

तिची मुलगी माझ्या वर्गात होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, मुसलमान होते आणि मराठीत अर्ज लिहू शकत होते. या तीन गोष्टींच्या भरवशावर तिने मला बरोबर नेलं.

हवालदार माणूस वाईट नव्हता. त्याने आम्हाला बसायला बाकडं दिलं, पाणी दिलं, तिच्या लहान्याच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला. मग कागद ओढून जबाब लिहायला बसला. ती बोलत होती आमच्या घरच्या बोलीत, दखनीत. तो लिहीत होता मराठीत. पंधरा मिनिटांनी त्याने वाचून दाखवलं: पती हे किरकोळ घरगुती कारणावरून शिवीगाळ करून थापडाबुक्क्यांनी मारहाण करतात, तरी माझी पतीविरुद्ध कायदेशीर तक्रार नाही, त्यांना समज द्यावी.

ती मान हलवत होती, कारण वाचलेलं तिला अर्धंच कळलं होतं. ती जे बोलली होती ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. “मेरे कू तलाक नक्को. उनो जेल में जाना नक्को. मार नक्को. घर होना, बच्चे होना, खर्ची होना.” तलाक नको, त्याला तुरुंग नको, मार नको, घर पाहिजे, मुलं पाहिजेत, घरखर्चाला पैसे पाहिजेत. सहा गोष्टी तिने मोजून सांगितल्या होत्या. त्यातली ‘तुरुंग नको’ ही एक उचलून त्याची ‘तक्रार नाही’ झाली आणि बाकीच्या पाच कागदावर आल्याच नाहीत.

मी तसं म्हटल्यावर तो मला बाजूला घेऊन अगदी समजुतीने म्हणाला, “मॅडम, यांच्यात जमात असते. आपण त्यांच्या धर्मात कशाला पडायचं? तुमच्यातलं तुमच्यात मिटवलेलं बरं.” त्याला खरोखरच वाटत होतं की तो आमचा मान राखतोय.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ तिला जमातीच्या बैठकीला घेऊन गेला. आमच्याकडे जमात म्हणजे मशिदीभोवतीची पंचमंडळी. तिथल्या वडीलधाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पोलिसांकडे का गेलीस, हा. घरातली गोष्ट चावडीवर नेऊन मोहल्ल्याची अब्रू घालवलीस. आणि मग शब्दाला शब्द जुळावा तसं तेच वाक्य दखनीतून आलं: आपस में मिटा लो.

ठाण्याने जमातीकडे बोट दाखवलं, जमातीने घराकडे. घरात तो होता.

त्या दिवसापासून ‘संवेदनशीलता’ या शब्दाकडे मी नीट बघू लागले. मुसलमान बाईला मदत करताना तिच्या धर्माचा, चालीरीतींचा मान राखावा असं आता सगळेच म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण मान कोणाचा राखायचा? हवालदाराने राखला तो जमातीचा. जमातीने राखला तो मोहल्ल्याच्या अब्रूचा, म्हणजे शेवटी त्या नवऱ्याचा. ज्या बाईच्या नावाने हा सगळा मान चालला होता, तिच्या वाट्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मारच आला. बाईला सोडून तिच्या समाजाबद्दल दाखवलेली नाजूक भावना म्हणजे तिला सभ्य भाषेत हाकलून देणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हे दुखणं एकट्या मुसलमानांचं नाही. नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं तर दाद कुणाकडे मागायची, ही म्हण काही दखनीतून आलेली नाही. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी चारातल्या एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. त्याच पाहणीत देशभरातल्या मार खाल्लेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती, आणि तीनचतुर्थांशांहून अधिक जणींनी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. मार सगळीकडे आहे, गप्प बसणंही सगळीकडे आहे. फरक पडतो तो दार वाजवल्यावर. हिंदू बाई ठाण्यात गेली तर तिलाही ‘जुळवून घ्या’ म्हणतात, पण ‘तुमच्यात जा’ म्हणत नाहीत. आम्हाला जायला आणखी एक गल्ली दाखवली जाते, आणि ती पुढे बंद असते.

‘तुमच्यातलं’ हा शब्द मला सगळ्यात जास्त टोचला. आमच्या हिंगोलीत मुसलमान काल आलेले नाहीत. निजामाच्या राज्यात ही छावणीची जागा होती. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, १९९९ च्या १ मे रोजी परभणीतून वेगळा होऊन हा जिल्हा झाला, आणि त्या सगळ्या काळात औंढा नागनाथाच्या यात्रेत बांगड्या विकणारे, वसमतच्या बाजारात हळदीची पोती उचलणारे आमचेच लोक होते. आमची बोली ऐका. लखनौचा माणूस ‘मत’ किंवा ‘नहीं’ म्हणतो, आम्ही ‘नक्को’ म्हणतो. हा शब्द दखनीने मराठीकडून घेतला आणि चारमिनारपर्यंत नेला. म्हणजे त्या बाईने मार नाकारला तो मराठी शब्दाने. आणि मराठीत जबाब लिहिणाऱ्या माणसाला तो ऐकू आला नाही.

तिला पाहिजे होतं ते देणारा कायदा देशात होता आणि आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे, आणि तो बाईचा धर्म विचारत नाही. लोकांना वाटतं, कायदा म्हणजे एक तर नवरा आत किंवा तलाक. हा कायदा तसा नाही. तो आधी मार थांबवायला सांगतो. न्यायदंडाधिकारी नवऱ्याला हात उचलायचा नाही, धमकी द्यायची नाही, तिच्या कामाच्या ठिकाणी जायचं नाही असा आदेश देऊ शकतात. घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या, ज्या घरात ती नांदली तिथून तिला बाहेर काढायचं नाही असा आदेश होऊ शकतो. खर्चीचा होऊ शकतो, मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा होऊ शकतो. तो आदेश मोडला तर मग गुन्हा, वर्षापर्यंत कैद. तलाक नको, जेल नको, मार नको, घर पाहिजे, मुलं पाहिजेत, खर्ची पाहिजे: तिने बाकड्यावर बसून या कायद्याची कलमंच सांगितली होती, फक्त नंबर न घालता.

अर्ज कुठे करायचा यातही बाईची सोय पाहिली आहे. वसमतची मुलगी नांदेडला किंवा हैदराबादला दिलेली असली तरी ती माहेरी येऊन राहिली असेल तर इथल्याच न्यायालयात अर्ज करू शकते. त्यासाठी सरकारने संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. घटनेचा अहवाल लिहून घेणं, वकील मिळवून देणं, निवाऱ्याची व्यवस्था करणं हे त्यांचं काम. बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत लावावी आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असंही कायदा म्हणतो. कोर्टाची पायरी चढलेल्यांना या ६० दिवसांचं काय होतं ते माहीत आहे. पण रांग लांब आहे म्हणून बाईला रांगेतच उभं राहू न देणं हा काय न्याय झाला?

मग कुणीतरी म्हणतं, पण तुमचा पर्सनल लॉ वेगळा ना? हा गैरसमज आमच्या माणसांनी जेवढा जपलाय तेवढाच बाहेरच्यांनीही. आपल्याच औरंगाबाद खंडपीठात २००२ साली दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात पूर्णपीठाने निकाल दिला आहे. आपला हिंगोली जिल्हा याच खंडपीठाखाली येतो, तरी तो निकाल आमच्या मोहल्ल्यांत कुणी सांगत नाही. पोटगी द्यावी लागू नये म्हणून नवरा कोर्टात एक कागद देतो की मी हिला कधीच तलाक दिलाय. नुसत्या अशा म्हणण्याने तलाक होत नाही, असं पूर्णपीठाने सांगितलं. कारण काय ते सिद्ध करा, आणि त्याआधी दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला होता हेही सिद्ध करा. हे न्यायाधीशांनी कुराणाच्याच आधाराने सांगितलं. शाहबानो खटल्यापासून, म्हणजे १९८५ पासून, वाद चालला तो पोटगीचा प्रश्नही जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केला: सर्वसाधारण फौजदारी कायद्यातली पोटगी तलाक झालेल्या मुसलमान बाईलाही मागता येते. आणि काझीने किंवा दारुल कझाने दिलेला निवाडा कुणावर कायद्याने बंधनकारक नाही, हे २०१४ मध्येच सांगून झालं आहे. बाईला जमातीत जायचं असेल तर तिने खुशाल जावं. तिला तिथेच पाठवण्याचा अधिकार पोलिसाला नाही.

हे सगळं मिळवायला माणसांनी शिव्या खाल्ल्या आहेत. १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला तेव्हा त्यात मुसलमान बायका होत्या सात. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा दलवाई त्यातल्या एक. लोक आजही त्या आकड्याला हसतात. मी जेव्हा जेव्हा एखाद्या बाईला घेऊन पायऱ्या चढले, तेव्हा मला तो आकडा फार मोठा वाटला. चार वर्षांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. त्यातले सय्यदभाई या कामाकडे वळले ते स्वतःच्या बहिणीला एका दमात तलाक मिळालेला पाहून. पुस्तकं वाचून नाही, बहिणीच्या तोंडाकडे बघून. या मंडळींशी माझे मतभेद आहेत. दलवाईंची भाषा आमच्या गल्लीतल्या बाईपर्यंत पोचणारी नव्हती. धर्म बाजूला ठेवून ये, असं ऐकल्यावर ती परत फिरते. पण त्या सात जणी गेल्या म्हणून आज मी जाऊ शकते, हे मी विसरत नाही.

आमच्या बाईच्या बाबतीत धर्म हा अडथळा असतो असं बाहेरच्यांना वाटतं. बऱ्याचदा तो तिचा एकमेव आधार असतो. रात्री मार खाल्लेली बाई पहाटे फजरला उठते आणि मुसल्ल्यावर बसून रडते, कारण तेवढं एक ठिकाण तिच्या मालकीचं असतं. तिला तिथून उठवून कायद्याकडे नेऊ नका. तिथे बसलेली असतानाच तिला सांगा की हबीबा बिन्त सहल नावाची बाई होती. साबित बिन कैस यांची बायको. हदीसच्या अबू दाऊद यांच्या संग्रहात ही हकीकत आहे. नवऱ्याने तिला मारलं, हाड मोडेल इतकं मारलं. ती पहाटे उठून थेट प्रेषितांच्या दाराशी गेली. प्रेषितांनी तिला घरातली गोष्ट बाहेर का आणलीस असं विचारलं नाही. आपस में मिटा लो म्हणून परत पाठवलं नाही. नवऱ्याला बोलावून घेतलं, त्याने मेहरमध्ये दिलेल्या दोन बागा त्याला परत करायला लावल्या आणि तिला मोकळं केलं. साबित हे काही ऐरेगैरे नव्हते, प्रेषितांच्या जवळचे मानले जाणारे होते. तरीही.

मी हे ज्या ज्या बाईला सांगितलं, तिने मला दोनदा सांगायला लावलं. पहाटे गेली? एकटी गेली? हो, एकटी गेली.

आता कुणी मौलाना सूरह निसाची चौतिसावी आयत पुढे करतील, आणि ती पुढे करतातच. तिच्यातल्या एका शब्दाचा अर्थ मारणं असा घेतला जातो. मी ते लपवत नाही. बाईपासून हे लपवणं म्हणजे तिला उद्या घरी उघडं पाडणं होईल. पण त्याच शब्दावर शतकानुशतकं भाष्यं आहेत. जुन्या फकिहांनीही, म्हणजे धर्मशास्त्रींनीही, त्याला इतक्या अटी घातल्या की खरा मार उरतच नाही, आणि आपल्या मुंबईच्या असगर अली इंजिनियर यांच्यासारख्यांनी आयुष्यभर या आयतींचा अर्थ न्यायाच्या बाजूने लावून दाखवला. शिवाय हजरत आयशा यांनी सांगून ठेवलं आहे की प्रेषितांनी कधी कुठल्या बाईवर किंवा नोकरावर हात उचलला नाही. मग सुन्नत कोणती? दाढीची लांबी सुन्नतीत मोजणाऱ्या माणसाला हात खाली ठेवणं सुन्नतीत मोजता येऊ नये?

त्याच सूरहची पुढची, पस्तिसावी आयत आमच्या जमातीने भिंतीवर लावावी. नवराबायकोत फाटलं तर एक मध्यस्थ त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा बसवा, असं ती सांगते. आमच्या बैठकीत काय असतं? बारा पुरुष, सगळे त्याच्या मोहल्ल्यातले, तिच्या बाजूने मान खाली घातलेला एक भाऊ, आणि ती स्वतः दाराबाहेर. तिच्या तोंडून कुणी काही ऐकतच नाही. हे शरियतच्या नावाने चालतं, पण शरियतमध्ये हे कुठे आहे ते मला कुणी दाखवावं. जमातीला समेट करायचाच असेल तर २००५ च्या कायद्याखालच्या नियमांत समुपदेशनाबद्दल एक अट आहे ती उचलावी. मारणाऱ्याला बैठकीच्या आधीच सांगायचं असतं की मारण्याचं समर्थन इथे ऐकून घेतलं जाणार नाही. सालन अळणी झालं होतं, उलट उत्तर दिलं, फोनवर कुणाशी तरी बोलत होती, ही कारणं त्या खोलीत आणायचीच नाहीत. एवढी एक अट पाळली तर आमच्या निम्म्या बैठका पाच मिनिटांत संपतील.

आणि जोडे की रकम. आमच्या निजामी भागातला हा जुना रोग. मेहर बायकोचा हक्क, तो निकाहनाम्यावर चार आकडी लिहून ‘उधार’ ठेवायचा. आणि नवरदेवाला जोड्याची रक्कम, मोटारसायकल, फर्निचर मात्र रोख. मार सुरू होतो तो बहुतेक वेळा या रकमेच्या उरलेल्या भागावरून. हुंडाबंदीचा १९६१ चा कायदा मेहरला हुंडा मानत नाही, जोड्याच्या रकमेला मात्र नक्कीच मानतो. निकाह लावणाऱ्या काझींच्या हातात इथे मोठी ताकद आहे. निकाहनाम्यात अटी घालता येतात: मारहाण झाली, दोन वर्षं नांदवलं नाही, तर तलाकचा अधिकार बायकोकडे, ही तफवीझची सोय फिकहमध्ये जुनीच आहे. अट लिहिण्याएवढी जागा त्या कागदावर असते. तिथे आम्ही साक्षीदारांचे मोबाईल नंबर लिहितो. निकाहनाम्याची एक प्रत त्याच वेळी मुलीच्या हातात द्यावी, एवढं तरी व्हावं. कारण मार खाऊन रात्री घराबाहेर पडलेल्या बाईकडे लग्नाचा कागदच नसतो. तो सासरच्या कपाटात असतो.

ती गप्प का राहते, याचं एक कारण मात्र सभांमध्ये कुणी बोलत नाही. तिला नवऱ्याची भीती असते तशीच आणखी एक असते. माझ्या घरातली गोष्ट बाहेर गेली की लोक म्हणतील, बघा, हे असेच असतात. टीव्हीवर तिच्या दुःखाचा तमाशा होईल आणि दगड पडेल तो तिच्या भावाच्या टपरीवर. ही भीती खोटी नाही. तिला मारणाऱ्याबद्दल बोलायचं असतं, आपल्या माणसांची बदनामी करायची नसते. आणि आजच्या हवेत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून ऐकणारा कान मिळणं कठीण झालं आहे. २०१९ च्या कायद्याने एका दमातल्या तलाकला तीन वर्षांपर्यंतची कैद ठेवली. तो तलाक अन्याय होता यात मला शंका नाही. पण मला भेटलेल्या बायकांना तलाक मिळालेलाच नव्हता. त्या नुसत्या टाकलेल्या होत्या किंवा मारल्या जात होत्या, आणि नवरा आत गेला तर चूल कशी पेटेल हा त्यांचा प्रश्न होता. म्हणून मी माझ्या हिंदू मैत्रिणींना सांगते, तिच्या नवऱ्याचा राग करा, तिच्या अजानचा करू नका. आणि आमच्या पुढाऱ्यांना सांगते, झाकली मूठ सव्वा लाखाची असेल तुमच्यासाठी. त्या मुठीत तिचा गळा आहे.

मदतीच्या खोलीत काय असावं, हे फार मोठं शास्त्र नाही. वळ दाखवायला बुरखा बाजूला करायचा तर दार लोटलेलं असावं आणि समोर बाई असावी. तपासणी करणारी डॉक्टर बाई मिळेपर्यंत थांबता येत असेल तर थांबावं. तिला ‘आधी हे काढा’ म्हणू नये आणि ‘तुमच्यात चार करतात ना’ तर मुळीच म्हणू नये. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. निवारागृहात रमजान आला तर सहेरीला चूल पेटावी. एक कोपरा नमाजाला मोकळा असावा. मुलं उर्दू शाळेत असतील तर त्यांची शाळा तुटू नये. समुपदेशन करणारीला इद्दत, खुला, मेहर हे शब्द ठाऊक असावेत, कारण हे शब्द समजावून सांगण्यातच बाईची पहिली भेट संपून जाते आणि दुसऱ्या भेटीला ती येत नाही. पोलीस ठाण्यातल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षांची सुरुवात १९८४ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केली, ती ठाण्यातच प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसावी म्हणून. मुंबईतच आवाज-ए-निस्वाँ या संघटनेच्या बायकांनी त्याच दशकात मोहल्ल्यात राहूनच हे काम उभं केलं. हिंगोलीत, कळमनुरीत, वसमतेत दखनी बोलणाऱ्या शिकलेल्या मुली आता खूप आहेत. त्यातल्या एकेकीला आठवड्यातून दोन दिवस मानधनावर बसवायला किती पैसे लागतील?

बाहेरच्या देशातही हीच झटापट झाली आहे. मलेशियात १९९४ मध्ये घरगुती हिंसेविरुद्ध कायदा झाला. मुसलमानांचे घरगुती मामले शरियत न्यायालयांकडे असतात, म्हणून त्यांना यातून वगळावं असं तिथेही अनेकांनी म्हटलं. हटल्या नाहीत त्या तिथल्या मुसलमान बायकाच. सिस्टर्स इन इस्लाम या त्यांच्या गटाने १९९१ मध्ये छोटी पुस्तिका काढली होती. मुसलमान पुरुषाला बायकोला मारायची परवानगी आहे का, हाच तिचा विषय. कायदा अखेर सगळ्यांना लागू झाला. म्हणजे मुसलमान बहुसंख्य असलेल्या देशातसुद्धा ‘तुमच्यातलं तुमच्यात’ हे बायकांनी मान्य केलं नाही.

त्या बाईचं सांगायचं राहिलं. जमातीच्या बैठकीनंतर तीन दिवसांनी ती पुन्हा माझ्याकडे आली. या वेळी आम्ही संरक्षण अधिकारी बाईंकडे गेलो. त्यांना दखनी येत नव्हती, पण त्यांनी पेन खाली ठेवून आधी ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, “तुम्ही सांगा, मी यांच्याच शब्दांत लिहिते.” छापील फॉर्ममध्ये कसली मदत पाहिजे तिथे रकाने होते, त्यांच्यावर खुणा केल्या. आणि जिथे हकीकत लिहायची जागा होती तिथे त्यांनी देवनागरीत, अवतरणात लिहिलं: मार नक्को, घर होना. खाली कंसात मराठी अर्थ.

सही करताना ती थांबली. चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली होती, अंगठा लावायची तिची इच्छा नव्हती. बाईंनी रेघेच्या डाव्या टोकाला बोट ठेवलं होतं, ते त्यांनी उचललं आणि कागद तिच्याकडे फिरवला. तिने पिवळ्या बोटांत पेन घट्ट धरून उजवीकडून आपलं नाव लिहायला सुरुवात केली.